बुलेटची ऑइलगळती आणि ब्रीदर : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

मामांची बुलेट आज अंगणात आणून लावली. १९९२ चं मॉडेल, ३५० स्टँडर्ड, बिडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर. तक्रार एकच, उभी राहील तिथे फरशीवर डाग. गेल्या वर्षभरात एका गॅरेजात रॉकर कव्हरची, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणांची, पॅकिंगं बदलून झाली, ती पुन्हा घामेजल्यावर वरून सिलिकॉन फासून झालं. गळती आहे तशीच.

मामा म्हणाले, "अरे, बुलेट आहे ती. ऑइल गळायचं थांबलं की समजायचं, आतलं संपलं." हे वाक्य सातारा-कोल्हापूरकडच्या प्रत्येक बुलेटवाल्याच्या तोंडी असतं. मला ते पटत नाही. ऑइल बाहेर यायला दोन गोष्टी लागतात, वाट आणि ढकलणारा जोर. आपण सगळे वाटेच्या मागे लागतो, पॅकिंग बदलतो, सील बदलतो. जोर कुठून येतोय हे फारसं कुणी बघत नाही.

म्हणून आज एकही नट उघडलेला नाही. गाडी डबल स्टँडवर लावून खाली पुठ्ठा सरकवला आणि पुठ्ठ्यावर पेनने पुढचं चाक कुठल्या बाजूला ते लिहून ठेवलं. या इंजिनात तीन वंगणं तीन वेगळ्या घरांत असतात. इंजिनचं २०डब्ल्यू५० जाडीचं ऑइल, प्रायमरी चेनकेसमधलं (इंजिन ते क्लच चेनच्या घरातलं) ऑइल आणि गिअरबॉक्समधलं घट्ट ग्रीस. डाग कुणाचा हे ठरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

६ जानेवारी

सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग. मोठा डाग इंजिनच्या बरोब्बर खाली, काळपट, बोटावर पातळ लागणारा. दुसरा मागे, सुपारीएवढा, जाड आणि चिकट. तो गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटकडचा दिसतोय, त्याचं नंतर. प्रायमरीच्या बाजूला पुठ्ठा कोरडा.

डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. मामांना फोन केला तर म्हणाले, "दर आठवड्याला थोडं टाकतो की मी." इथे मी थांबलो, कारण या गाडीत थंड इंजिनवर पाहिलेली लेव्हल फसवी असते. ऑइलची टाकी क्रँककेसच्याच, म्हणजे इंजिनच्या खालच्या घराच्याच, ओतकामात बसवलेली आहे. गाडी रात्रभर किंवा चार दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू पाझरत क्रँकच्या खोलीत उतरतं. टाकी रिकामी दिसते, पण ऑइल कुठे गेलेलं नसतं, शेजारच्या खोलीत असतं. किक मारून पाच-सात मिनिटं इंजिन चालवलं की परतीचा पंप ते टाकीत आणून टाकतो.

इंजिन चालवलं, गरम झाल्यावर बंद केलं आणि पुन्हा पाहिलं. वरच्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर. म्हणजे दर आठवड्याचं ते 'थोडं थोडं' साठत गेलंय.

८ जानेवारी, बुधवार

आज नुसती साफसफाई, पण माझ्या मते निम्मं निदान यातच आहे. तेलकट इंजिनवर गळतीची जागा सापडत नाही. वारा ऑइल मागे नेतो, फिन्समधून (इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांमधून) ते खाली उतरतं आणि सगळ्यात ओली जागा गळतीपासून वीतभर लांब असते.

कार्ब्युरेटरचं तोंड आणि पॉइंट्सचं कव्हर प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घेतलं. मग डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश. बिडाच्या फिन्समध्ये वर्षांची माती ऑइलमध्ये कालवून बसलेली, ती बांबूच्या कामटीने खरवडून काढली. लोखंडी स्क्रूड्रायव्हर ॲल्युमिनियमच्या केसवर चालवायचा नाही. नंतर साबणाचं पाणी, फडकं, ऊन.

रॉकर कव्हरच्या कडेला सिलिकॉनचे पांढरट गोळे होते. ते ओढून काढताना एक लांब शेवई निघावी तसा पट्टा निघाला, आणि त्याचा अर्धा भाग आतल्या बाजूला गेलेला होता. बाहेरून जेवढं फासलेलं दिसतं तेवढंच आत दाबून जातं. तो तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत अडकला तर रॉकरला ऑइल पोचत नाही. गळतीचा डाग परवडला, कोरडा रॉकर परवडत नाही. पॅकिंग नीट असेल तर सिलिकॉनची गरज पडत नाही, आणि पॅकिंग नीट नसेल तर सिलिकॉन फार दिवस टिकत नाही.

इंजिन कोरडं झाल्यावर सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. दोन्ही रॉकर कव्हरं, टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हची फट लावायच्या खिडकीचं झाकण), सिलिंडरचा पाया, टायमिंग कव्हर, ऑइल फिल्टरची टोपी, प्रायमरीचा मधला मोठा नट.

११ जानेवारी, शनिवार

आधी उभ्या गाडीवर तपासणी. स्लोवर, म्हणजे एक्सलेटर न देता, पंधराएक मिनिटं चालू ठेवली, बॅटरी घेऊन एकेक सांधा पाहिला. पावडर पांढरीशुभ्र. कुठेही थेंब नाही.

मग यवतेश्वरचा घाट. साताऱ्यातून निघून कासपर्यंत पंचवीसेक किलोमीटर, सुरुवातीलाच सलग चढ. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनवर चांगला लोड येतो. घाटमाथ्यावर थांबून पाहिलं तर मागच्या रॉकर कव्हरच्या कडेची पावडर भिजून राखाडी झालेली, टॅपेट कव्हरच्या नटाभोवती ओलं कडं, आणि डिकॉम्प्रेसरच्या (किक मारताना सिलिंडरचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बाजूला काळा ओघळ. बाकी सगळं कोरडं.

आजची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जी गळती उभ्या गाडीवर, गरम ऑइल असतानाही होत नाही आणि लोडवर लगेच होते, ती नुसती वजनाने होणारी गळती नाही. आतून कुणीतरी ढकलतंय. फुटकं पॅकिंग स्लोवरही गळलं असतं.

उतरताना आरशात धुरावर लक्ष ठेवलं. लांब उतारावर एक्सलेटर बंद ठेवून खाली आल्यावर एकदम उघडला, तेव्हा निळा धूर नाही. म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या गाइडमधून ऑइल ओढलं जात नाहीये. चढावरही धूर नव्हता.

१२ जानेवारी, रविवार

ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचा दिवस. मामाही आले होते, त्यांना समजावून सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

या इंजिनचं बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. पिस्टन खाली आला की तेवढीच हवा त्याच्याखालच्या खोलीत दाबली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. सेकंदाला सतरा लिटरपेक्षा जास्त हवेची ढकलाढकल. चार सिलिंडरच्या गाडीत दोन पिस्टन खाली जाताना दोन वर येतात, त्यामुळे आतली जागा जवळपास तेवढीच राहते. एका सिलिंडरला ही सोय नाही. म्हणून त्याला ब्रीदर लागतो, आणि तो एकेरी लागतो. पिस्टन खाली येताना हवा बाहेर जायला हवी, वर जाताना बाहेरची हवा आत यायला नको. हे नीट चाललं तर थोड्याच फेऱ्यांत आत हलकी पोकळी तयार होते आणि सांध्यांवरचं ऑइल बाहेर ढकललं जाण्याऐवजी आतच राहतं. शिवाय पिस्टनच्या रिंगांवरून थोडा जळका वायू खाली येतच असतो, त्यालाही हीच वाट.

बुलेटमध्ये हे काम क्रँककेसमधून निघणारी रबरी नळी आणि तिच्या टोकाचं चपट्या चोचीचं छोटं रबर करतं. दुकानात त्याला डकबिल म्हणतात. दोन ओठ असतात. आतून फुंकर आली की उघडतात, बाहेरून ओढ लागली की मिटतात. एवढंसं रबर, पण संपूर्ण इंजिनची पॅकिंगं त्याच्या भरवशावर आहेत.

नळीच्या टोकावर तळहात धरून इंजिन स्लोवर ठेवलं. दर ठोक्याला हाताला ठसठशीत फुंकर लागायला हवी. लागली ती अगदी मंद. काही जण नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून बुडबुडे बघतात. मी ते करत नाही आणि कुणी करू नये असं माझं मत आहे. ओठ फाटलेले असतील तर वर जाणारा पिस्टन ते पाणी थेट क्रँककेसमध्ये ओढून घेईल.

नळी सोडवली. इंजिनजवळच्या वळणावर ती उष्णतेने आणि ऑइलने मऊ होऊन चपटी बसलेली, आतून दोन्ही भिंती एकमेकींना चिकटायच्या बेतात. डकबिल फुगून कडक झालेलं, ओठांच्या मध्ये पिवळट मलईसारखा साका. ती मलई म्हणजे ऑइलमध्ये घुसळलं गेलेलं पाणी. मामांचा रोजचा फेरा घर ते मंडई. थंडीत एवढ्याशा अंतरात इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि ब्रीदरच्या गार नळीत जमते. पुढची डबी, जिच्यात ऑइलचे तुषार वेगळे व्हायचे असतात, ती तळापासून अर्ध्यापर्यंत त्याच साक्याने भरलेली.

मामा ते रबर बोटांत धरून बराच वेळ दाबून बघत होते. "हे आजवर कुणी उघडलं नसणार," म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दुपारी तिळगूळ वाटून झाल्यावर मापाचं साधन बनवलं. हाताला लागणारी फुंकर ठीक आहे, पण आधी किती आणि नंतर किती हे आकड्यात हवं.

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घेतली, फळीवर यू आकारात ठोकली, शाई घातलेलं पाणी भरलं, शेजारी मोजपट्टी. ब्रीदरच्या नळीला डकबिलच्या अलीकडे टी जोडून तिथून कनेक्शन घेतलं. मध्ये दोन गोष्टी आवश्यक आहेत. एक रिकामी बाटली, म्हणजे ओढ लागली तर पाणी बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. आणि एक जुना, बारीक भोकाचा कार्ब्युरेटर जेट नळीत बसवायचा, नाहीतर दर ठोक्याला पाणी नाचतं आणि काही वाचता येत नाही.

जुनी नळी आणि जुनं डकबिल तसंच परत लावून माप घेतलं. स्लोवर पाणी ३ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला ढकललेलं. बुलेटला आरपीएम मीटर नाही, म्हणून चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला जसा आवाज येतो तेवढा एक्सलेटर धरला. ९ सेंटिमीटर. दोन्ही वेळा आत दाब, पोकळी नाहीच. आणि हे लोड नसताना. घाटात काय होत असेल त्याची कल्पना आली.

१८ जानेवारी, शनिवार

दाब आहे हे कळलं, पण तो रिंगा गेल्यामुळे आहे का, हा प्रश्न उरतो. रिंगा गेल्या असतील तर नवं डकबिल लावून फार फरक पडणार नाही आणि सिलिंडर कातून बोअर करावं लागेल. कॉम्प्रेशन गेज लावला, एक्सलेटर पूर्ण उघडा, इंजिन गरम, काटा वाढायचा थांबेपर्यंत किक. ९५ पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा, १०२. या इंजिनचं कॉम्प्रेशन ६.५ ला १ एवढंच आहे, त्या मानाने आकडा चांगला. ऑइल टाकल्यावर मोठी उडी नाही, म्हणजे रिंगांवरून फार वायू खाली जात नाही. बोअर करायची गरज नाही. एका गॅरेजने मात्र मामांना बोअरच सुचवलं होतं.

शेजारच्या काकांनी हे सगळं पाहून त्यांच्या जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीबद्दल विचारलं, तिची डिपस्टिक आपोआप वर सरकते आणि एअर फिल्टर तेलकट होतो. तिथे तत्त्व तेच, रचना वेगळी. गाड्यांत पूर्वी क्रँककेसची वाफ एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. तो धूर हवेत जाऊ नये म्हणून कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून पीसीव्ही व्हॉल्व्ह आला, वाफ इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) परत ओढून जाळायची. मॅनिफोल्डची ओढ स्लोवर खूप जास्त असते, म्हणून व्हॉल्व्ह तेव्हा वाट अरुंद करतो आणि एक्सलेटर उघडला की मोकळी करतो. काकांच्या गाडीचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतली सुई खुळखुळायला हवी, ती गप्प. स्लोवर तोंडाशी बोट धरलं तर ओढ नाही. तुंबलेला. ही तपासणी कुणीही घरी करू शकतं. नवा व्हॉल्व्ह लावल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवला, कागद तोंडाला चिकटून बसला.

१९ जानेवारी, रविवार

बुलेटवर आज फक्त ऑइलची लेव्हल दुरुस्त केली, ब्रीदरला हात लावला नाही. दोन्ही कामं एकदम केली तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

ऑइल गरम असताना काढलं. इथे एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी राहून जाते. टाकीचा नट उघडून ऑइल काढतात आणि क्रँककेसच्या खालचा नट तसाच ठेवतात. मग क्रँककेसमध्ये उरलेलं ऑइल, वर नवं पूर्ण माप, आणि गाडी पहिल्या दिवसापासून जास्त ऑइलवर चालते. मी दोन्ही उघडले. सव्वादोन लिटर धरणाऱ्या इंजिनातून तीन लिटरच्या आसपास निघालं. नवं मापाने भरलं, चालवून गरम केलं, वरच्या खुणेच्या जरा खालीच ठेवलं.

पावडर टाकून तोच घाट. रॉकर कव्हर पुन्हा ओलं, पण कमी. नळीतून डबीत येणारं ऑइल मात्र खूपच कमी झालं. यू नळीवर ७ सेंटिमीटर. जास्त ऑइलने दाबात भर पडत होती, पण मूळ तिथे नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार

नवं डकबिल आणि ऑइलला टिकणारी जाड भिंतीची नळी. जुन्या नळीच्या भोकापेक्षा बारीक भोकाची चालत नाही, हे दुकानदाराला दोनदा सांगावं लागलं. तो इंधनाची बारीक नळी पुढे करत होता. डबी डिझेलने धुतली, तिच्या दोन्ही तोंडांतून फुंकून वाट मोकळी असल्याची खात्री केली. नळी इंजिनपासून सतत चढत जाईल अशी नेली, मध्ये कुठे झोळ पडला की तिथे पाणी साठतं. वळण मोठं ठेवलं. क्लिप बेताचीच आवळली.

चालू केल्या केल्या तळहाताला फरक कळला. ठक्क, ठक्क अशी स्वच्छ फुंकर, आणि मध्ये ओढ नाही. यू नळीत पाणी दुसऱ्या बाजूला चढलं. स्लोवर ११ सेंटिमीटर, चाळीसच्या आवाजाला १८. आत पोकळी. मामांनी मोजपट्टीवर बोट ठेवून दोन्ही आकडे परत मला वाचायला लावले.

एकही पॅकिंग अजून बदललेलं नाही हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन झाल्यावर लगेच घाट, या वेळी मामा मागे बसलेले, म्हणजे लोड जास्त. कासपर्यंत जाऊन आलो. रॉकर कव्हरच्या कडेची पावडर कोरडी. गॅरेजात बदललेलं तेच पॅकिंग, सिलिकॉनशिवाय, कोरडं. टॅपेट कव्हरच्या नटाखाली मात्र बारीक ओलं कडं अजून आहे आणि डिकॉम्प्रेसरचा ओघळही. आता उरल्या त्या खऱ्या वाटा, आणि त्यांच्यावर काम करायला अर्थ आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

टॅपेट कव्हर काढलं. कॉर्कचं पॅकिंग बिस्किटासारखं तुटलं. कव्हरची कड काचेवर ठेवून पाहिली तर मधला एकच नट वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने ते मध्ये खोल गेलंय, कोपरे उचललेले. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकारात घासलं, सगळी कड एकसारखी उजळेपर्यंत. नवं कॉर्क, दोन्ही बाजूंना ग्रीसचा हलका हात, नटाखाली नवा फायबर वॉशर. कॉर्क किंचित दबलेलं दिसलं की थांबायचं.

डिकॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह बारीक ग्राइंडिंग पेस्टने सीटवर फिरवून बसवला. केबलला मोकळीक नव्हती, त्यामुळे तो कायम केसभर उघडा राहत असावा. आता लिव्हरला थोडा ढिलेपणा ठेवलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

मामा गेले दोन आठवडे रोज गाडी वापरतायत. त्यांना सांगितलंय की ऑइल पाहायचं ते गाडी चालवून आल्यावरच, आणि मंडईच्या फेऱ्यांमध्ये आठवड्यातून एकदा तरी लांबचा फेरा मारायचा, म्हणजे वाफ निघून जाईल. पुठ्ठ्यावर इंजिनखाली डाग नाही. लेव्हल तीच.

प्रायमरीचा लेव्हल प्लग उघडून पाहिला. क्रँकचं सील गेलं असतं तर इंजिनचं ऑइल तिकडे जाऊन प्लगमधून जास्तीचं वाहिलं असतं. तसं झालं नाही, लेव्हल बरोबर प्लगच्या कडेला.

डकबिल पुढच्या प्रत्येक ऑइल बदलाला काढून ओठ तपासायचं, असं गाडीच्या वहीत लिहून दिलंय. मागचा सुपारीएवढा ग्रीसचा डाग अजून पडतो. पुढच्या रविवारी चेन उतरवून गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमागचं सील बघतो.